कोकणातील घराला पेलमेट: दांडा झाकावा की बदलावा?

चिऱ्याचे घर
नमस्कार मंडळी. आमचे घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून पायी दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. तीन वर्षांपूर्वी जुने चिरेबंदी घर दुरुस्त करून घेतले, कौले तशीच ठेवली आणि सहा खिडक्यांना पहिल्यांदाच रीतसर दांड्यावरचे पडदे लावले. माझ्या लहानपणी दोन आकड्यांमध्ये ताणलेली स्प्रिंगची तार आणि तिच्यात ओवलेला आईच्या जुन्या साडीचा तुकडा, एवढाच पडद्याचा थाट असे.

दुकानदाराने ‘स्टील’ म्हणून दिलेले दांडे दुसऱ्याच पावसाळ्यात गंजले. कड्या सरकत नाहीत आणि पांढऱ्या पडद्यांच्या वरच्या काठावर प्रत्येक भोकाखाली तांबूस ओघळ उतरले आहेत. आमच्या आत्याचे म्हणणे असे, की सगळीकडे पेलमेट, म्हणजे दांड्याला वरून आणि समोरून झाकणारी फळ्यांची पेटी, करून घ्यावे, म्हणजे दांडा, कड्या आणि गंज एकदमच दिसेनासे होतील. सुतार प्लायवूड आणि सनमायका घेऊन यायला तयार आहे. मला मात्र शंका आहे, की खाऱ्या हवेत जी वस्तू डोळ्यांआड होते ती दुप्पट वेगाने बिघडते. समुद्राकाठी राहणाऱ्या कुणी पेलमेट लावून चार-पाच पावसाळे काढले असतील, तर त्यांचा अनुभव वाचायला आवडेल. खिडक्या चार फूट रुंद आणि साडेचार फूट उंच आहेत.

आंबोशी
अवश्य करा. मालवणला माझ्या माहेरी बैठकीच्या खोलीत सागाची पेलमेट होती आणि ती मला आठवते तेव्हापासून तशीच आहेत. पडदे तीनदा बदलले, पण वरच्या पट्टीवरची कोरलेली वेल अजून उठून दिसते. पडदा कितीही चांगला घेतला तरी वरून दांडा, ब्रॅकेट आणि चुण्यांचे गाठोडे दिसत असेल, तर खोली अर्धवट सजवल्यासारखी वाटते.

दर्यावर्दी
सागाचे पेलमेट आणि सनमायका चिकटवलेले प्लायवूड यांची तुलना करणे म्हणजे होडी आणि कागदाची नाव यांची तुलना करणे होय. आमच्या वेंगुर्ल्याच्या घरात मी प्लायवूडची पेलमेट केली होती. पहिल्या वर्षी सगळ्यांनी कौतुक केले. दुसऱ्या श्रावणात खालच्या कडेचा सनमायका सुटून पुढे आला आणि तिसऱ्या वर्षी आतल्या थरांची पाने वहीसारखी उलगडली. पेटीच्या आत पालींनी अंडी घातली होती, ती वेगळीच. शेवटी मी सगळी काढून टाकली आणि साधे दांडे उघडे ठेवले. दांडा डोळ्यांसमोर असला, की महिन्यातून एकदा त्यावरून फडका फिरतो. तो पेटीत गेला, की दिवाळीपर्यंत त्याच्याकडे कुणी पाहत नाही.

कोकमसार
आमची आजी पेलमेटला ‘खिडकीच्या मुंडावळ्या’ म्हणते आणि लग्न लागून इतकी वर्षे झाली तरी त्या सोडत का नाहीत, असे विचारते.

रंधा
मी कुडाळजवळ राहतो आणि सुतारकी हा आमचा पिढीजात धंदा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

दर्यावर्दी यांच्या पेलमेटचे जे झाले ते प्लायवूडच्या प्रतीमुळे झाले असावे. बाजारात ‘वॉटरप्रूफ’ या एकाच शब्दाखाली तीन-चार प्रकार विकले जातात. फळीवरचा भारतीय मानकाचा क्रमांक वाचावा. ३०३ हा सर्वसाधारण वापराच्या प्लायवूडचा क्रमांक आहे आणि ७१० हा मरीन प्लायवूडचा. किनाऱ्यालगत ७१०च घ्यावे, आणि तेही कापल्यानंतर उघड्या पडलेल्या कडा व पाठीमागची बाजू रंगाने किंवा वॉर्निशने पूर्ण बंद करून. बहुतेक सुतार समोरून सनमायका लावतात आणि भिंतीकडची बाजू कोरी सोडतात, कारण ती गिऱ्हाईक पाहत नाही. ओल मात्र तिथूनच आत शिरते. एमडीएफचे, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळीचे, नावही काढू नये. ते पाणी पिऊन पावासारखे फुगते.

खऱ्या लाकडात करायचे असेल तर फणसाचा विचार करा. त्याचा गाभा सुरुवातीला पिवळाधमक असतो आणि वर्षे जातील तसा तांबूस तपकिरी होत जातो. मात्र सालीलगतचे फिकट लाकूड आले, तर त्याला कीड लागते आणि पडद्यावर पिठासारखा भुसा पडू लागतो. ऐन वापरणार असाल तर लोखंडी स्क्रू टाळा. ऐनात कषाय द्रव्य भरपूर असते, त्यामुळे ओल लागताच लोखंडाभोवती शाई सांडल्यासारखे काळे डाग पडतात. पितळी किंवा स्टेनलेस स्क्रू वापरावेत.

आता मापे. एका दांड्यासाठी पेलमेटची भिंतीपासूनची खोली सहा इंच पुरते. आत पातळ आणि पुढे जाड असे दोन पडदे असतील तर आठ इंच ठेवावी, नाहीतर पडदा पुढच्या फळीला घासतो. दोन्ही बाजूंना खिडकीपेक्षा चार-चार इंच जास्त घ्यावे. आणि मूळ शंकेबद्दल बोलायचे, तर गंजलेल्या दांड्यावर पेलमेट चढवणे म्हणजे दुखऱ्या दातावर सोन्याची टोपी बसवणे. आधी दांडा बदला.

चिऱ्याचे घर
रंधा, मनःपूर्वक आभार. दांडा बदलायचा तर कोणत्या धातूचा घ्यावा? मागच्या वेळी ‘स्टील’ या शब्दावर विश्वास ठेवून फसलो आहे.

गलबत
याचे उत्तर मी देतो, कारण माझे निम्मे आयुष्य बोटीवरच्या धातूंशी झगडण्यात गेले. तुम्हाला मिळाले ते बहुधा लोखंडावर चकचकीत मुलामा दिलेले असणार. चुंबक घट्ट चिकटले तर तसे समजावे. स्टेनलेसमध्येही ३०४ आणि ३१६ अशा दोन प्रती प्रामुख्याने मिळतात. ३१६मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते, त्यामुळे मिठापुढे ती जास्त टिकते. ३०४वर समुद्राकाठी चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग येतात. ते पुसले तर जातात, पण पुसावे लागतात. ॲल्युमिनियमचा ट्रॅक आणि त्यात सरकणाऱ्या नायलॉनच्या घोड्या हा स्वस्तातला चांगला उपाय आहे. तो दिसायला अगदीच रुक्ष असतो, त्यामुळे त्याच्यापुढे मात्र पेलमेट हवेच.

दीपमाळ
चर्चा केवळ शोभेभोवती फिरते आहे, म्हणून एक वेगळा मुद्दा मांडते. थंड देशांत पेलमेटला खरे काम असते. हिवाळ्यात खिडकीची काच गार पडते. खोलीतील उबदार हवा पडद्याच्या वरून आत शिरते, काचेपाशी थंड होऊन खाली उतरते आणि पडद्याखालून पुन्हा खोलीत येते. वरून बंद असलेले पेलमेट हे चक्र तोडते आणि घरातली ऊब वाचते. आपल्याकडे काच गार पडण्याचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे आपण त्या वस्तूचे रूप घेतले आणि तिचे काम तिकडेच राहिले.

गंमत अशी, की खुद्द इंग्लंडमध्येही याच्या विरोधात लिहिले गेले आहे. व्हिक्टोरियन काळात खिडक्यांवर सोनेरी कंगोरे, जाड झालरी आणि गोंडे यांची इतकी गर्दी झाली, की चार्ल्स ईस्टलेक यांनी १८६८ साली घरसजावटीवरील आपल्या पुस्तकात साध्या धातूच्या दांड्याची आणि कड्यांची बाजू घेतली. दर्यावर्दी यांनी वर जे लिहिले आहे त्याला दीडशे वर्षांची परंपरा आहे, असे म्हणायला हरकत नाही.

दर्यावर्दी
मी ईस्टलेक यांचे नावही ऐकले नव्हते, पण पालींची अंडी त्यांनीही पाहिली असावीत असे वाटते.

आंबोशी
दीपमाळ यांच्या म्हणण्यात एक त्रुटी आहे. मुद्दा उलट बाजूने पाहिला तर पेलमेट आपल्याकडेही उपयोगी पडते. दुपारी पश्चिमेचे ऊन काचेवर पडते, पडदा आणि काच यांच्यामधली हवा तापते आणि वरून खोलीत येते. वरची बाजू बंद असेल तर ती गरम हवा तिथेच अडकेल.

दीपमाळ
काच बंद असेल तर तसे होईल, हे मान्य. पण आपल्याकडे पश्चिमेची खिडकी दुपारी बंद कोण ठेवतो? समुद्रावरचा वारा त्याच वेळी सुटतो आणि तो घरात घ्यायचा म्हणूनच तर खिडकी त्या बाजूला ठेवलेली असते. खिडकी उघडी असताना पेलमेटची वरची फळी काय अडवणार? ऊन अडवायचे तर ते आत येण्याआधीच, म्हणजे छज्जाने, पडवीने किंवा लाकडी झडपांनी अडवले पाहिजे. आपल्या जुन्या घरांची पडवी हे काम चोख करत असे.

सुरंगीचा वळेसर
लाकडाची एवढी चर्चा झाली, पण कापडी झालरीचा कुणी विचारच केला नाही. मी शिवणकाम करते आणि गेल्या काही वर्षांत मी लाकडी पेलमेटऐवजी झालरीच शिवून देत आहे. कारण सरळ आहे, झालर धुता येते.

चिऱ्याचे घर यांच्या खिडकीचा हिशोब मांडून दाखवते. खिडकी ४८ इंच रुंद आहे. दोन्ही बाजूंना चार-चार इंच धरले तर ५६ इंच झाले. बाजू झाकण्यासाठी सहा-सहा इंच वळण धरले, की ६८ इंच होतात. चुण्या भरघोस हव्यात म्हणून याच्या दुप्पट, म्हणजे १३६ इंच, सुमारे साडेतीन मीटर लांबीची पट्टी लागेल. उंचीचा ठोकताळा असा, की झालर पडद्याच्या एक-पंचमांश ते एक-षष्ठांश असावी. तुमचा पडदा ६० इंचांचा असेल, तर एक-षष्ठांश म्हणजे दहा इंच पुरे. कौलारू घरात खिडक्या आधीच बुटक्या असतात. त्यांच्यावर बारा-पंधरा इंचांची झालर चढवली, तर खिडकीने घोंगडे पांघरल्यासारखे दिसते.

कापड म्हणून जुन्या नऊवारीचे काठ फार शोभतात. गुळेदगुड्डचा खणही सुंदर दिसतो, मात्र त्याला सुती अस्तर लावावे आणि आधी एक कोपरा भिजवून रंग जातो का ते पाहावे. वरच्या फळीला वेल्क्रोची पट्टी ठोकावी आणि झालर तिच्यावर चिकटवावी. मिरग लागला, की ती ओढून काढायची, धुऊन पेटीत ठेवायची आणि दसऱ्याला पुन्हा लावायची. पावसाळाभर टांगून ठेवली, तर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते कशानेही जात नाहीत.

कोकमसार
म्हणजे पावसाळ्यात पडवीला झाप लागणार आणि खिडकीची झालर उतरणार. उत्तम. घराचाही एक चातुर्मास असावा.

मुंबईकर चाकरमानी
माझ्यासारख्यांचा प्रश्न निराळा आहे. आमचे देवगडजवळचे घर शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीला उघडते. उरलेले दिवस कुलूप. हौसेने मी चारही खिडक्यांना वरून बंद असलेली पेलमेट करून घेतली. मागच्या गणपतीला दोन दिवस आधी पोहोचलो, पडदा सरकवायला गेलो तर तो जागचा हलेना. स्टुलावर चढून बॅटरी मारली. दांडा आणि फळी यांच्या बेचक्यात कुंभारीण माशीने मातीची घरटी केली होती, एकाला लागून एक अशा तीन नळ्या, बोटाएवढ्या जाड आणि दगडासारख्या वाळलेल्या. सुरीच्या टोकाने एक फोडली तर आत लुळे पडलेले बारीक कोळी ठासून भरलेले, सात-आठ तरी असतील, आणि एकाचा पाय अजून हलत होता. माझ्या मुलीने त्यानंतर दोन दिवस त्या खोलीत पाऊल टाकले नाही.

म्हणून सांगतो, वर्षाकाठी दोन-तीनदाच उघडणाऱ्या घराला पेलमेट लावू नये. लावायचेच असेल तर समोरची फळी हाताने काढता आली पाहिजे.

रंधा
चाकरमानी यांनी अगदी मोलाचे सांगितले. मी आता पेलमेट करतो ते तसेच करतो. बाजूच्या दोन फळ्यांना उभी खाच पाडतो आणि समोरची फळी वरून त्या खाचेत सोडतो. स्क्रू नाही, खिळा नाही; दोन्ही हातांनी वर उचलली की बाहेर येते. वरची फळी सपाट न ठेवता तिला भिंतीकडून पुढे उतार देतो, आपल्या छपरासारखा. त्यामुळे धूळ कमी साठते आणि कौलांतून गळालेले पाणी फळीवर थांबत नाही. समोरच्या फळीला बाहेर काढायला जागा हवी, म्हणून छतापासून निदान फूटभर अंतर लागते, हे मात्र आधीच पाहून घ्यावे.

तांबडी माती
आम्ही श्रीवर्धनचे. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळात आमची अर्धी कौले उडाली आणि भिंतींवरून पाणी उतरले. त्या दिवशी पेलमेटचा विचार कुणाच्या मनात असणार? पण नंतर आवराआवर करताना पाहिले, तर लाकडी चौकटीला ठोकलेली दोन पेलमेट जागेवर होती आणि भिंतीत प्लग मारून बसवलेली तीन खाली आली होती. चिरा भिजला होता आणि प्लग हाताने ओढले तरी निघत होते.

रंधा
तांबडी माती, तुमच्या अनुभवावरून भिंतीचा विषय निघाला हे बरे झाले. जांभा, म्हणजे चिऱ्याचा दगड, खाणीतून काढतो तेव्हा मऊ असतो आणि हवेवर कठीण होतो, तरी तो आतून सच्छिद्रच राहतो. त्यात ड्रिल हातोड्यासह चालवले, की भोक दुप्पट मोठे होते आणि प्लास्टिकचा प्लग नुसता गोल फिरतो. हातोडा बंद ठेवून सावकाश भोक पाडावे, लांब प्लग घ्यावा आणि भोकात आधी सिमेंट भरावे. त्याहून चांगले म्हणजे चौकट जाड असेल तर सरळ चौकटीलाच बसवावे. दर्यावर्दी यांनी पेलमेट काढल्यावर भिंतीला किती मोठी भोके राहिली, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगावे.

दर्यावर्दी
लहान मुलाची मूठ जाईल एवढी. तिथे आता कॅलेंडर आहे.

ओहोटी
एक प्रश्न जरा बाजूचा आहे. आमच्या रत्नागिरीच्या घराच्या पुढच्या दोन खिडक्यांना वर कमान आहे आणि तिच्यात रंगीत काचा आहेत. इथला थिबा राजवाडा ज्यांनी पाहिला असेल त्यांना त्याच्या अर्धवर्तुळाकार खिडक्या आठवतील. इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत करून इथे आणलेल्या ब्रह्मदेशच्या राजासाठी तो वाडा १९१० च्या सुमारास बांधला गेला. आमची कमान काही राजेशाही नाही, पण सकाळी तिचा हिरवा-लाल उजेड जमिनीवर पडतो तेव्हा घरातली पोरे त्यावर पाय ठेवून खेळतात. सरळ पेलमेट लावले तर ती कमान झाकली जाते आणि कमानीच्या आकाराचे करायला सुतार तयार नाही.

आंबोशी
मी पेलमेटची बाजू घेणारी आहे, तरी तुम्हाला सांगते, लावू नका.

सुरंगीचा वळेसर
ओहोटी, कमान जिथून सुरू होते त्या रेषेवर बारीक पितळी दांडा लावा आणि पडदा तिथून खाली सोडा. कमान उघडी राहील, उजेडही येईल. झालर लावण्याचा मोह झालाच तर चार इंचांवर जाऊ नका.

अबोली
आमच्याकडे पेलमेटच्या आत एलईडीची पट्टी लावून दिली होती. जुलैमध्ये संध्याकाळी दिवा लावला, की अंगणातली सगळी पाखरे पडद्यावर आणि त्यांच्या मागे पाली. आता ती पट्टी तशीच आहे, पण तिचे बटण आम्ही चिकटपट्टीने बंद केले आहे.

चिऱ्याचे घर
सर्वांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले आणि आत्यालाही वाचून दाखवले. मुंडावळ्यांवर ती हसली, माशीच्या घरट्यांवर मात्र गप्प झाली.

काल सुट्टी होती म्हणून माजघराच्या खिडकीचा गंजलेला दांडा मीच उतरवला. ब्रॅकेट काढताना भिंतीचा तळहाताएवढा गिलावा सुटून आला, तेव्हा रंधा यांचे शब्द आठवले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ब्रॅकेटच्या खाली, चौकटीच्या वरच्या लाकडात, रंगाचे दोन फुगीर ठिपके दिसले. खरवडून पाहिले तर ते आकडे निघाले, स्प्रिंगच्या तारेसाठी आजोबांनी बसवलेले. दुरुस्तीच्या वेळी रंगाऱ्याने त्यांच्यावरूनच हात मारला होता. पितळेचे आहेत, वर हिरवट थर आहे, पण पकडून जोर लावला तरी तसूभर हलत नाहीत. सहाही खिडक्यांना आहेत, हे नंतर पाहिले.

तेव्हा तूर्त ठरवले ते असे. बैठकीच्या दोन खिडक्यांना रंधा यांनी सांगितल्याप्रमाणे, समोरची फळी निघेल अशी फणसाची पेलमेट करायची, चौकटीला बसवून, आत ॲल्युमिनियमचा ट्रॅक. उरलेल्या चार खिडक्यांना बारीक पितळी दांडा त्याच आकड्यांमध्ये आणि पुढे दहा इंचांची झालर, आईच्या नऊवारीच्या काठाची. आत्याने काठ काढून ठेवलेसुद्धा. वेल्क्रोसाठी वरती फळीची गरज आहेच का, हे सुरंगीताईंनी कृपया सांगावे.

सुरंगीचा वळेसर
आकडे असतील तर फळी नको. झालरीच्या वरच्या कडेला दांड्यापुरती नळी शिवा आणि झालर दुसऱ्या बारीक दांड्यात ओवून पुढे टांगा. फक्त दोन दांड्यांमध्ये दीड-दोन इंच अंतर राहिले पाहिजे, त्यामुळे पुढच्या दांड्यासाठी आकडा जरा लांब मानेचा लागेल.

रंधा
जुने आकडे फिरवून काढू नका. इतक्या वर्षांत लाकूड त्यांच्याभोवती आवळले आहे. एकदा निघाले तर त्या भोकात पुन्हा तसे बसणार नाहीत. लांब मानेचे नवे आकडे शेजारी, दोन इंच सोडून बसवा.

चिऱ्याचे घर
ठीक. आणि तो हिरवट थर कशाने काढावा?

कोकमसार
आमसुलाने घासावा आणि लाकडाला लागण्याआधी पुसून घ्यावा. या धाग्यावर माझा एवढाच उपयोग होता.